काचेच्या कपाटातला सोऱ्या

तोआ पायोह या परदेशातल्या वस्तीत आमच्या शेजारच्याच इमारतीखाली दोन खोल्यांचं छोटं संग्रहालय आहे. वस्तीतल्या लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. शिवणयंत्र, केरोसिनचा स्टोव्ह, कुणाचा तरी शाळेचा पट्टा. शेजारच्या चिनी आंटी मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेल्या, त्यांच्या सासूबाईंचा केकचा लाकडी साचा दाखवायला. काचेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तूही काहीतरी दे."

"आम्ही तर आत्ता आलेले. आमचा इथे कसला इतिहास?"

"मुलगी इथेच जन्मली ना? मग?"

घरी येऊन मी कपाट उघडलं. लग्नात आईने दिलेला पितळी सोऱ्या मी चिंचेने घासून लखलखीत केला आणि नेऊन दिला.

महिन्याभराने आम्ही तिघं बघायला गेलो. सोऱ्या छान मांडला होता, पण खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'मुरुक्कू करण्याचं यंत्र'. माझा चेहराच पडला.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "काचेत ठेवलाय, हे काय कमी आहे?"

"सेम थिंग, ला," मुलगी इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली.

"सेम नाही. मुरुक्कू तमिळ लोकांचा. आपल्याकडे चकली म्हणतात."

तिथलं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला मी हे सांगितलं. वाटलं, ती हसण्यावारी नेईल. तिने कोरं कार्ड माझ्यापुढे केलं. "तुमच्या लिपीतही लिहा."

मी ते मुलीकडे सरकवलं. घरी मराठीचं पुस्तक काढलं की हिला नेमकी तहान लागते, पण त्या दिवशी मुकाट बसली. 'चकलीचा' सरळ आलं. 'ऱ्या'पाशी अडली. मी हवेत बोटाने गिरवून दाखवलं, तरी दोन कार्डं वाया गेली. तिसऱ्यावर जमलं. अक्षरं जरा उतरती आली आहेत, पण चूक एकही नाही. खाली तिनेच इंग्रजीत लिहिलं, 'आमच्या घरची दिवाळी'.

त्यानंतर भाजी आणायला निघाले की माझी वाट हमखास तिकडूनच जाते. परवा मुलगी आणि आंटीही बरोबर होत्या. आत एक तमिळ आजोबा नातीला सोऱ्या दाखवत होते. माझी मुलगी पुढे झाली आणि त्यांना कार्डावरचं मराठी समजावू लागली. मी बाहेरच थांबले. आंटी माझ्या शेजारी होत्या.

"कोणाची गं ही?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"माझी," मी म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.