चुंबळ

चक्कर येते म्हणून आईला दवाखान्यात तपासणीला नेलं होतं. तिथल्या मुलीने छताला टांगलेला पट्टा तिच्या कमरेला बांधला, तिला एका हलत्या फळीवर उभं केलं आणि व्हीआरचा जाडजूड चष्मा तिच्या हातात दिला. आईने त्याचं वजन अजमावलं, पदर पिळून त्याची चुंबळ केली आणि चष्मा थेट डोक्यावर ठेवला.

"आजी, डोळ्यांना लावायचाय तो!" मुलगी हसली. मला काही हसू आलं नाही.

चष्मा डोळ्यांवर चढला. त्यात दिसणारा बाजार समोरच्या पडद्यावर मलाही दिसत होता. तो डोलू लागला तशी आईही डोलू लागली. पडद्याच्या कडेला तिचा तोल दाखवणारी रेघ वेडीवाकडी पळत सुटली. मला मात्र विहिरीकडून येणारा अरुंद बांध आठवत होता. आईच्या डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि मागे तिचा पदर धरून मी. कितीदा ओढला असेल मी तो! पाणी कधी सांडलं नाही.

पुढे घरात नळ आला, हंडा माळ्यावर गेला. आम्हाला वाटलं, सुटली बिचारी.

इतक्यात आईचा उजवा हात वर गेला आणि डोक्यावर नसलेला हंडा सावरू लागला. रेघ काही थांबली नाही. शेवटी पट्ट्यानेच तिला धरलं.

चष्मा काढल्यावर ती ओशाळली. जरा वेळाने त्या मुलीला म्हणाली, "पोरी, यात आमच्या विहिरीची वाट नाही का गं? तिथं मी पडायची नाही."