खोकल्यासकट उपासना

पाळकसाहेबांचं प्रवचन टेपमध्ये थोडं अस्पष्ट आलं तरी आमच्या टेपबाईंना चालायचं, पण बाकांवरचा खोकला आलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. रविवारी उपासना सुरू होण्याआधी त्या वेदीजवळचा रेकॉर्डिंगचा माइक उचलायच्या आणि लेकुरवाळ्या बायका बसत तिथे नेऊन ठेवायच्या. पाळकसाहेब वरून नुसते बघत राहायचे. बाईंशी वाद घालण्याची त्यांची हौस फार पूर्वीच फिटली होती.

सिकंदराबादची ही मराठी मंडळी म्हणजे बहुतेक रेल्वेतली माणसं, वाडवडील नगर-जालन्याकडून आलेले. बाई स्वतः रेल्वेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता चर्चच्या ‘संपर्क व कला विभागा’च्या प्रमुख. नाव भारदस्त, पण विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट, दोन टेपरेकॉर्डर आणि मी. मी तारनाक्याच्या एका डीटीपी सेंटरात नोकरी करत होतो आणि चर्चचं मासिक पत्रक जुळवून द्यायला जायचो. आमचं घर अफझलगंजचं, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं आणि दर श्रावणात सत्यनारायण घालणारं. मुलगा हातचा जातो की काय, या धास्तीने आई अर्धी झाली होती. हे कळल्यावर बाई एक दिवस थेट घरी आल्या, आईच्या हातचं थालीपीठ मागून खाल्लं आणि म्हणाल्या, “तुमच्या पोट्ट्याला पळवणार नाही हो मी. एवढा आळशी पोट्टा नेऊन करू काय?” त्यानंतर मला रविवारी उशीर झाला, तर आईच हाकलायची.

नाताळच्या नाटकात भूमिका वाटताना बाई अभिनय बघत नसत, भांडणं बघत. ज्यांचं बोलणं बंद, त्यांना हमखास एकाच प्रवेशात घालायच्या. एकदा नळाच्या पाण्यावरून तोंड न बघणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला मुक्कामाला जागा मागणारा योसेफ केलं आणि दुसऱ्याला धर्मशाळेचा मालक. मालकाने “जागा नाही!” हे इतक्या मनापासून सुनावलं की योसेफालाच हसू फुटलं. मरिया बिचारी ताटकळत उभी. बाई विंगेत डोळे पुसत हसत होत्या. “तालमीला रोज यावं लागतं,” त्या मला म्हणाल्या, “आणि आलं की बोलावं लागतं. नाटकाचं काय, ते होतंच.”

पण बाईंचा खरा जीव होता कॅसेटींत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी त्या उपासना टेप करायच्या आणि दुपारी ऑटो करून घरोघर पोचवायच्या. नुसत्या देऊन येत नसत, शेजारी बसून ऐकायच्या. लालागुड्याच्या साळवेआजी तर खोकल्यावरून माणूस ओळखत. “गायकवाडांची छाती अजून मोकळी नाही झाली का गं?” हे प्रवचनाच्या ऐन मध्यावर.

अशातच घरोघर केबल आली. चर्चला नवा सेक्रेटरी मिळाला. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, हुशार, तळमळीचा, आणि मला अजिबात न आवडणारा. त्याने एका रविवारची टेप परस्पर स्टुडिओत नेली. खोकला, रडणारी पोरं, बाकांची करकर, सगळं काढून टाकलं, मागे कीबोर्ड घातला आणि मोठ्या उत्साहाने बाईंबरोबर साळवेआजींकडे स्वतः घेऊन गेला. आजींनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग बाईंचा हात धरून विचारलं, “मंडळी कुठं गेली गं? सगळे चर्च सोडून गेले आणि मला कुणी सांगितलं पण नाही?” आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या.

हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. मी खूश झालो, म्हटलं आता सेक्रेटरीची खोड मोडली. पण कमिटीतल्या इतरांना केबलवर आपला कार्यक्रम दिसायची घाई झाली होती. कॅसेटींचा जुनाट उद्योग बंद करावा, असा विषय पुढच्या बैठकीला ठेवला गेला. आणि नेमक्या तेव्हाच गुडघ्यांनी दगा दिलेल्या बाई लेकीकडे कायमच्या नगरला निघाल्या. जाताना विभाग त्यांनी त्या सेक्रेटरीच्या हवाली केला.

मला भयंकर राग आला. “बाई, त्याच्याकडे? मी काय मेलोय?”

“नक्को रे असं बोलू,” त्या म्हणाल्या. “तू आजींचं रडणं माझ्या तोंडून ऐकलंस. त्यानं समोर बसून बघितलंय.”

मला ते पटलं नाही. स्टेशनवर निरोपाला गेलो, तोही फुगूनच.

बैठकीच्या वेळी मी पत्रकाची प्रुफं घेऊन बाहेर बसलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. विषय निघाला तसा सेक्रेटरी म्हणाला, “बंद करू या. फक्त साळवेआजींना तसं सांगायला तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याबरोबर चला.” आत नुसत्या खुर्च्या करकरल्या. मग अध्यक्षांनी खाकरून पुढचा विषय घेतला.

त्या रविवारी संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून नगरला फोन लावला आणि बाईंना हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. म्हटलं, “बाई, तुमचं बरोबर होतं.”

“ते राहू दे. आज आजींकडे कोण गेलं?”

“आम्ही दोघं गेलो, खोकल्यासकट टेप घेऊन. तो आणि मी. आजींनी पडल्या पडल्या आमच्याकडून चहा करून घेतला. आणि तो ऑटोवाला, तुमचं मागच्या रविवारचं भाडं राहिलंय म्हणून...” मी काहीतरी गंमत करायला गेलो, पण पलीकडून हूं नाही की चूं नाही. लाइन गेली असं वाटून मी ओरडून हॅलो, हॅलो करत राहिलो. बूथवाला मीटरकडे बोट दाखवायला लागला. बाई रडताहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मग मी फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो.