आयडलिंगचा स्क्रू

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मेंढरं विकून मिलिटरीच्या लिलावातला जुना पेट्रोल ट्रक घेतला, तेव्हा न्हावऱ्यात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं. पण कार्बोरेटरचं ते धूड पुढं कितीतरी वर्षं आमचे कांदे वाहत राहिलं, ते आबांच्या कानामुळं. कळपात कुठलं मेंढरू खोकतंय हे त्यांना न बघता कळायचं, तसंच इंजिनाचंही कळायचं. वय झालं तसं शेत मी बघायला लागलो, गाडीही मीच चालवायला लागलो. आबांकडं एकच काम उरलं. रोज सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन आयडलिंग लावायचं, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना इंजिन बंद न पडता संथ चालावं असा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ठेवायचा. तेवढ्यावर त्यांचा दिवस उभा असायचा.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गाडी बिघडली. पळताना ठणठणीत, पण ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की आचके देऊन बंद. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, एक चिरलेली नळीही बदलली. काही फरक नाही. आबा स्क्रू थोडा थोडा फिरवायचे, दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

एकदा दौंडला कांदा घेऊन निघालो, तर चौफुल्याच्या चौकातच ती बंद पडली. मागं उसाच्या ट्रॉल्या, हॉर्नचा नुसता कल्ला. शेजारी बसलेले आबा स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"बसा गप! तुम्हीच पिळून पिळून वाट लावलीया तिची. आता हात लावायचा न्हाई."

लोक बघत होते. आबांनी स्क्रूड्रायव्हर डॅशबोर्डवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते गाडीकडं फिरकलेही नाहीत. खरं सांगतो, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आठवड्यानं मी कार्बोरेटर उतरवून पूर्ण खोलला. गाडी नुसती चालू उभी असताना ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं, तो स्लो जेट उजेडाकडं धरला. पलीकडचं काही दिसेना. चिमट्यानं ओढलं तर काळे केस निघाले. लोकरीचे. ओळखायला वेळ लागला नाही, कारण ती लोकर मीच घातली होती. एअर फिल्टरच्या झाकणाचं रबर गेलं होतं. कांद्याचा फुफाटा आत जाऊ नये म्हणून मी घोंगडीची पट्टी कापून तिथं दाबून बसवली होती. आमच्या घरात कुठं काही फाटलं, गळलं की पहिला हात घोंगडीकडंच जातो. तिचेच केस इंजिन आत ओढत होतं आणि आबा बिचारे स्क्रू फिरवून माझी चूक सांभाळत होते. मला माझीच लाज वाटली.

तसाच काळ्या हातांनी घरात गेलो. आबा खाटेवर पडून होते.

"आबा, चूक माझी हुती. चला, आयडलिंग लावा."

"लाव तूच," ते म्हणाले.

मी जेट साफ केला, घोंगडीच्या जागी नवं रबर बसवलं, कार्बोरेटर जोडला, गाडी दारात आणली आणि मुद्दाम स्क्रू भलताच फिरवून ठेवला. हे त्यांना ऐकवणार नाही, उठून येतील, असं वाटलं. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुरू केली तेव्हा आतून आवाज आला, "अर्धा फेरा उलटा घे."

मी घेतला. इंजिन संथ, एका लयीत चालायला लागलं.

"आबा, भाईर या की. एकदा हात लावा."

"लागलं की आता," ते आतूनच म्हणाले. "माझं काय काम हाय तिथं?"