मिठागराच्या बांधावर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला त्या जानेवारीत मी सतरा वर्षांची होते. आईने मला कोथिंबीर आणायला खाली पाठवलं होतं. परळच्या नाक्यावर एकदम माणसं धावत आली. मी एका बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहिले आणि माझ्यापासून दोन हातांवर एक माणूस खाली बसला. हातातली दुधाची किटली त्याने आधी नीट रस्त्यावर ठेवली, मग तो आडवा झाला. तो कोण होता ते मला आजही माहीत नाही. घरी आले तेव्हा कोथिंबीर कुठाय म्हणून आई रागावली, आणि मग माझ्याकडे बघून तिने मला धरून खाली बसवलं.

त्यानंतर माझं बाहेर जाणं बंद झालं. शाळा सुटली, मॅट्रिकची परीक्षा हुकली. कपाटाच्या मागे भिंतीचा एक कोपरा होता, तिथे मी बसून असायची. गिरणीचा भोंगा वाजला की मी कान झाकून घ्यायची. गॅलरीच्या टोकाला मोरीपर्यंत जायचं तर आई बरोबर लागायची. रडूसुद्धा यायचं नाही. केस विंचरायचा कंटाळा, जेवायचा कंटाळा, कुणी बोललं तर उत्तर द्यायचा कंटाळा. बोलायचे ते कुजबुजल्यासारखं. आईने नारळ उतरवला, अंगारा लावला. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली आणि म्हणाले, "बाटलीतलं औषध हिला देऊन काही व्हायचं नाही. पाऊस गेला की रोज उन्हात बाहेर काढा. चालवा. मोकळी हवा लागू द्या."

पण नेणार कोण? आईच्या खाणावळीत दोन वेळचे गिरणीवाले जेवायला असत. वडील आणि भाऊ पाळीवरून आले की सभेला जात. ते परत येईपर्यंत मी दाराकडे बघत बसायची.

घरात उरली ती वहिनी. त्याच वैशाखात ती मालवणकडून लग्न होऊन आली होती, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. मुंबईतलं तिने पाण्याचा नळ आणि भाजीबाजार एवढंच बघितलं होतं. नवरात्र बसलं त्या सुमारास एका दुपारी भांडी घासून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वन्सं, माका खाडी बघूची आसा. तुमचे भाऊ म्हणतत, वडाळ्याक मिठागरां आसत."

"मी नाही येणार."

"मगे मी एकटीच जातंय."

"तुला रस्ता कुठे माहीत आहे?"

"नाय म्हायत," ती म्हणाली, आणि खरंच चपला घालून जिना उतरू लागली.

मी तिच्या चपलांचा आवाज ऐकत बसले. एक मजला, दुसरा मजला. ही आता ट्रॅमखाली जाईल, नाहीतर हरवेल, असं मला वाटलं. त्या भीतीनेच मी उठले. ती खालच्या दारात उभी होती. मला बघून तिने माझा हात घट्ट धरला.

भोईवाड्यातून पलीकडे जाईपर्यंत मी भिंतीला घासून चालत होते. वाटेत एका लॉरीने फट् करून आवाज काढला आणि मी तिथेच फुटपाथवर बसले. डोकं गुडघ्यात. लोक थांबून बघायला लागले. वहिनी माझ्याशेजारी पदर सावरून बसली. "भिऊ नको" असं सगळे मला म्हणत. ती म्हणाली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माका पण भीती वाटता. हय सगळा केवढा मोठा आसा." तिचा हात माझ्याइतकाच गार होता.

रेल्वेचे रूळ ओलांडले आणि मिठागरं लागली. पावसाने फुटलेले बांध माणसं दुरुस्त करत होती. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं. ऊन कडक होतं, पण वाराही होता. रेल्वेच्या यार्डाच्या कडेने गवताला पांढरे तुरे आले होते आणि त्यांच्यावर चतुर भिरभिरत होते. आम्ही बांधावर बसलो. मला काही छान वगैरे वाटलं नाही. परत तो रस्ता चालायचा आहे, एवढंच डोक्यात होतं. पण तिथे मागून कुणी धावत आलं तर लांबूनच दिसलं असतं, हे मला आवडलं.

मग आम्ही जवळजवळ रोज जाऊ लागलो. जाताना मी भिंत धरून चालायची, बांधावर बसलं की श्वास शांत व्हायचा. एकदा तिथे मला भूक लागली. मी तसं म्हटल्यावर वहिनी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पदराला शेंगदाणे बांधलेले असायचे.

दिवाळी आली आणि सगळं मागे गेलं. नरक चतुर्दशीला पहाटे चाळीच्या चौकात पहिला फटाका वाजला तशी मी खाटेखाली शिरले. आईने तेल-उटणं घेऊन हाका मारल्या, मी बाहेर येईना. अंघोळी उरकल्यावर वहिनी वाकून म्हणाली, "चला, बांधावर जाव. थय आवाज येवचो नाय." कापडात चकल्या आणि करंज्या बांधून तिने मला जवळजवळ ओढतच नेलं. सगळी वाट मी कानांवर हात ठेवून चालले.

बांधावर सण म्हणून कामाला कुणी नव्हतं. पार लांब, झोपड्यांपाशी, थोडी माणसं दिसत होती. ओहोटीने खाडी उघडी पडली होती. वहिनी चिखलाकडे बघत होती, आणि मी तिला गेल्या सहा महिन्यांत इतकी खूश कधी बघितली नव्हती. "हय तिसरे गावतले," ती म्हणाली. शिंपल्यांतले ते तिसरे तिच्या गावाला बायका हाताने चाचपून काढत. मी नको म्हणेपर्यंत ती चपला काढून, लुगडं वर खोचून उतरलीसुद्धा.

तिच्या गावाकडे खाली वाळू असेल. इथे नुसता गाळ होता. थोडं पुढे गेली आणि गुडघ्यापर्यंत रुतली. पाय काढायला जोर केला तसा दुसरा मांडीपर्यंत गेला.

"वन्सं," ती वळून म्हणाली, "पाय वर येणत नाय."

मी हसले. तिला वाटेल तेव्हा निघेल, असं मला वाटलं. मग तिच्या पलीकडे पाणी दिसलं. अमावास्या तोंडावर आलेली, भरती जोरात होती. चिखलातल्या चरांतून पाणी सापासारखं आत सरकत होतं.

मी जागच्या जागी थिजले. जानेवारीत फळ्यांना टेकून उभी होते, तशीच. तोंड उघडलं, पण आवाज बाहेर येईना. आणि तिला तिथे टाकून जायचं, मी येईपर्यंत पाणी कुठवर चढलं असेल, या विचाराने पाय हलेनात.

"गो, जा," वहिनी ओरडली. तिने मला अहो-जाहो सोडलं ते तेव्हाच. "कोणाक तरी हाडून ये. जा गो!"

मी धावले. मागे शहरात फटाक्यांची माळ लागली होती आणि माझ्या पाठीत काहीतरी घुसणार असं वाटत होतं. झोपड्या जवळ येत नव्हत्या. मध्येच माझ्या गळ्यातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, गुरासारखा नुसता आवाज. पण माणसांनी वर बघितलं.

दोन पुरुष आणि एक पोक्त बाई फळ्या घेऊन धावत आले. आम्ही पोचलो तेव्हा पाणी वहिनीच्या कमरेला लागलं होतं आणि ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. ती बाई चिखलावर टाकलेल्या फळीवर पालथी झोपली, पाण्यात हात घालून तिने वहिनीच्या पायांभोवतीचा गाळ उकरला, आणि पुरुषांनी काखेत हात घालून तिला वर ओढलं. बांधावर आल्यावर वहिनी आधी पायांची बोटं चाचपू लागली. एका पायातली जोडवी गेली होती. त्यासाठी ती ढसाढसा रडली. ती बाई तिचे पाय धूत म्हणत होती, "जोडवी मिळतील बाई, तू मिळालीस ना."

येताना वहिनीला चालवत नव्हतं. तिचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर होतं. भोईवाड्यात मुलं डब्याखाली फटाके लावत होती. प्रत्येक आवाजाला मी अंग चोरत होते, पण खाली बसले नाही. मी बसले असते तर तीही बसली असती, आणि मग तिला उठवणं मला जमलं नसतं. घरी पाय घसरला म्हणून सांगितलं. आईने दोघींना ओरडत ओरडत पुन्हा अंघोळ घातली.

मी त्याने बरी झाले असं नाही. पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसले, पुढे शाळेत शिकवायला लागले. पण आजही मागे काही फुटलं की माझा हात आधी भिंत शोधतो. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी सगळी चाळ खाली नाचत होती आणि मी दार लावून कानात कापूस घालून बसले होते. आनंद नव्हता असं नाही.

वहिनी मात्र पुन्हा खाडीकडे फिरकली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर मीच म्हटलं, चल, ऊन छान पडलंय. तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी तिला दुसऱ्या बाजूने, माटुंग्याच्या झाडांखालून फिरायला नेऊ लागले. तिथली जमीन पक्की होती, तरी पहिले काही दिवस ती पाऊल टाकण्याआधी खाली बघायची, आणि मी तिच्यासाठी थांबायची.