पुन्हा विचार

जर्मनीत वाढणाऱ्या पणतीशी बोलता यावं म्हणून मी जर्मन शिकते. परवा वर्गात बाईंनी जोड्या लावल्या आणि एकमेकींची जर्मनमध्ये मुलाखत घ्यायला सांगितलं. माझ्या वाट्याला कॉलेजातली सई आली. पेनाचं टोपण चावत तिनं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

माझा हात आपोआप पदराकडे गेला, मान खाली गेली आणि तोंडून निघालं, "स्वयंपाक आणि शिवणकाम."

दाखवायच्या कार्यक्रमात आईनं पढवलेलं हेच उत्तर मी दिलं होतं. सुई दिसली की पळणारी ती बया, म्हणजे तेव्हाची मी, पाहुण्यांसमोर कशी गोग्गोड हसली होती! आता परक्या भाषेतही तीच माझ्याआधी बोलून मोकळी झाली.

"आजी, शिवणकाम?" सई मराठीत कुजबुजली. "तुमच्या पिशवीला तर सेफ्टीपिना लावल्यात!"

"गप गं, आगाऊ."

ती हसली, पण मला काही स्वस्थ बसवेना. उगाच पुस्तक चाळलं, चष्मा पुसला. मला काय आवडतं? इतक्या वर्षांत मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"पुन्हा विचार," मी म्हटलं.

तिनं विचारलं. या वेळी मान वर ठेवून मी जर्मनमध्ये सांगितलं, "अजून माहीत नाही. पण शिवणकाम नाही."