भाऊसाहेबांच्या गाडीचा उजवा पत्रा

हातातला चहा आधी खाली ठेवा बरं. मी केलेला गाढवपणा ऐकताना तुम्हाला ठसका लागणार, आणि मग आमची मंगल बोलणार मलाच!

तर झालं असं. अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मी टूल रूमला होतो. डायमेकर, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे करणारा! रिटायर झालो आणि तिसऱ्या दिवशी बायकोने मला मटार सोलायला बसवलं. ज्या हातात मायक्रोमीटर शोभायचा, त्या हातात मटार! मी दाणे आकारानुसार वेगळे करायला लागलो, तेव्हा तीही घाबरली.

तेवढ्यात गंगापूर रोडचे भाऊसाहेब आले. वय ऐंशीच्या पुढे, पण एके काळचे पट्टीचे रेसवाले. त्यांची जुनी विलायती रेस कार द्राक्षांच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना चॅसिसला अॅल्युमिनियमचे पत्रे असतात ना, ते गेले होते. उजव्याचा पत्ताच नाही. डावा होता, पण रिव्हेटच्या भोकांपाशी त्याची चाळण झालेली.

"पवार, दोन्ही नवे करून द्याल? डिसेंबरात जुन्या गाड्यांची फेरी आहे. एकदा चालवायचीय मला," ते म्हणाले. "आणि जमलं, तर माझ्या मित्रांच्याही गाड्या तुमच्याकडे धाडतो."

झालं! पत्रे जमले तर मी पुन्हा डायमेकर, नाही जमले तर जन्मभर मटार. माझं गणित इतकं सरळ होतं.

डावा पत्रा त्यांच्या ड्रायव्हरने गोणपाटात गुंडाळून आणून दिला. दोन पत्र्यांसाठी लोखंडी डाय कोण करत बसणार? मी वखारीतून बाभळीचे ठोकळे आणले आणि कोरून साचा केला. वर दाबायला कन्व्हेयर बेल्टचं जाड रबर. आणि प्रेस? लोखंडी चौकटीत बसवलेला ट्रकचा जॅक! खाली लाकूड, मध्ये पत्रा, वर रबर. जॅक मारत राहायचं, पत्रा निमूटपणे लाकडावर बसतो.

आता त्या डाव्या पत्र्यावर मधोमध एक खळगा होता. तिरका, वीतभर लांब, एका टोकाला रुंद.

मंगलने लांबूनच पाहिलं. "पोचा आलाय वाटतं. आपल्या दुधाच्या पातेल्याला आलाय तसा."

मी हसलो हो! वर मान करून हसलो. "अगं, पत्र्याला ताकद यावी म्हणून मुद्दाम काढतात तसं. विलायतेतल्या इंजिनिअरचं डोकं आहे ते!"

"मग वाकडं का?"

"हवेसाठी!"

हवेसाठी! कुठून सुचलं, देव जाणे. टूल रूममध्ये आम्हाला एकच शिकवलेलं, सॅम्पल म्हणजे देव. जसं आहे तसं करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. इथे मी दोन्ही करत होतो, आलं ना लक्षात?

त्या खळग्याने माझा जीव काढला. बरोबर त्याच जागी पत्रा फाटायचा. एकदा नाही, तीनदा! शेवटी मंगलचा कपड्यांचा साबण पत्र्याला चोळला आणि खालून गॅसची ज्योत फिरवली. साबण काळा पडला की समजायचं, पत्रा मऊ झाला. चार दिवस गेले, पण खळगा असा उतरला म्हणता!

माझा जुना जोडीदार खैरनार, सटाण्याकडचा, बघायला आला. "काम एक नंबर शे राव! पण हा खड्डा कशाला?"

मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. त्याने फोटो काढून कारखान्याच्या जुन्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस! एकाने खळग्याचा कोन विचारला. मी कोन मोजून कळवला!

आणि मग उलटा साचा कोरून आणखी चार दिवसांत उजवा पत्रा केला. आरशात पाहावं तसा. खळग्यासकट.

बसवायच्या दिवशी आम्ही सगळे शेडमध्ये जमलो. पत्रे चॅसिसला लावले आणि भोकाला भोक जुळलं! माझी छाती फुगली. भाऊसाहेब काठी टेकत डाव्या बाजूला आले, खळग्यावर हात ठेवला आणि थबकले.

"पवार, हे काय?"

"साहेब, त्या इंजिनिअरला मानलं पाहिजे—"

"कसला इंजिनिअर? लाथ आहे ती माझी!"

"अं?"

"पहिला होतो मी, पहिला! शेवटच्या फेरीत ही बया बंद पडली. उतरलो आणि घातली एक!"

मंगलने पदर तोंडात कोंबला. खैरनार एकदम शेडचं छप्पर न्याहाळायला लागला. आणि भाऊसाहेब निघाले की हो उजव्या बाजूला! मी मनात म्हटलं, आता जमिनीने मला पोटात घ्यावं. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"डावीकडची माझी. मग उजवीकडची लाथ कुणी घातली?"

"मी, साहेब. चार दिवस लागले."

म्हातारा इतका हसला, इतका हसला की त्याला धरून गाडीत बसवावं लागलं. मी म्हटलं, "साहेब, आठ दिवसांत सपाट करून देतो." तर पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "खबरदार! राहू द्या दोन्ही. तो राग मी इतकी वर्षं उगाच सांभाळला. आज हसलो त्याच्यावर." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? आणि डिसेंबरात गाडी चालवली त्यांनी, टोपी उडाली तरी थांबले नाहीत.

परवा चांदवडहून भाऊसाहेबांच्या एका मित्राचा फोन आला. त्यांच्या गाडीचे पत्रे माझ्याकडूनच करून घ्यायचे म्हणे! मी उभ्या उभ्या हो म्हटलं. तर ते जरा घुटमळले.

"पवार साहेब, नमुन्याचा पत्रा आम्हीच आधी ठोकून सरळ करून पाठवू का? नाही म्हणजे, तुम्ही फारच हुबेहूब करता असं ऐकलंय."