गुरुवारची खुर्ची: हॅम्पस्टेडच्या पबात बाबांचा रुमाल

माझ्या बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि लंडनला आल्यावर त्यांनी पहिली फर्माईश केली ती पबची! राणीचा राजवाडा नको, मेणाचे पुतळे नकोत. नदीकाठचं ते अवाढव्य चाक तर "पाळण्यात बसायचं वय आहे का माझं?" म्हणून निकालात निघालं. त्यांना बघायचा होता फक्त वसंतकाकांचा पब.

वसंतकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून इकडच्या हॉस्पिटलात आले, पिनरला, लंडनच्या एका उपनगरात, घर घेतलं, रिटायर झाले. मूलबाळ नाही, आणि दोन वर्षांपूर्वी सुमनकाकू गेली. मी मेडनहेडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. आईच्या मते हे काम मी फुकटातही केलं असतं. दर रविवारी मी पिनरला काकांकडे जेवायला जाते. या देशात माझं हक्काचं म्हणावं असं तेवढं एकच घर आहे.

फोन महाग होते तेव्हा काका पुण्याला पत्रं पाठवत, आणि प्रत्येक पत्रात पब असायचाच. "मी दारात दिसलो की ग्लास भरायला घेतात", "सगळे मला 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात", वगैरे. बाबा पत्र मोठ्याने वाचायचे, घडी घालायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. आता पिनरला पब नाहीत का? ढिगाने आहेत. पण काकांचा पब हॅम्पस्टेडला. एक तर त्यांचं हॉस्पिटल त्या बाजूला होतं. आणि दुसरं म्हणजे माणूस मूळचा पुण्याचा, साध्यासुध्या जागी कशाला जाईल?

बाबा आले ते काकांना पुण्याला परत न्यायला. वरची खोली रंगवून घेऊनच आले होते. तीन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी रविवार होता, मीही गेले होते. पोहे खाताना एकदम म्हणाले, "वसंता, इथे तुला ओळखतं कोण?"

"अरे दादा, अख्खा पब ओळखतो!"

"मग चल तिथे. एकाने जरी तुला आपणहून हाक मारली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही मारली, तर दिवाळीला माझ्याबरोबर पुण्याला. कायमचा."

"एक? उठून उभे राहतील लोक," काका म्हणाले. पण बशीतले पोहे त्यांनी नंतर नुसतेच चिवडले. मी टेस्टर आहे, मला असल्या गोष्टी दिसतात.

आता माझा पराक्रम ऐका. काका गेले तर माझे रविवार गेले, इतका उघडा स्वार्थ. म्हणून पबला जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी ऑफिसातून तिथे फोन केला. मॅनेजर न्यूझीलंडचा होता, येऊन चार महिने झालेला. मी म्हटलं, उद्या तीनच्या सुमाराला एक वयस्कर इंडियन गृहस्थ येतील. चष्मा, लांब राखाडी कोट, चौकड्यांची टोपी. ते दिसले की फक्त इतकंच म्हणायचं, "आफ्टरनून, डॉक्टर! द यूज्वल?" म्हणजे, नेहमीचंच आणू ना? तो "नो वरीज" म्हणाला, आणि मी खूश होऊन डबा खाल्ला.

गुरुवारी रजा टाकली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोड, तिथून चढावर जाणारी बस. साडेनऊनंतर निघालात तर दिवसभराचा पास सहा-सात पौंडांत होतो. घरून निघताना बाबा ऑक्टोबरच्या गारठ्यात कुडकुडायला लागले. पुण्याहून आणलेलं जाकीट इथे बनियनच्या लायकीचं. काकांनी मुकाट्याने आपला राखाडी कोट आणि टोपी त्यांना चढवली आणि स्वतः जुना निळा अनोरॅक, म्हणजे टोपीवालं पावसाळी जाकीट, घातला. मी शेजारी उभी राहून बटणं लावून दिली. डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ.

हॅम्पस्टेड म्हणजे पैसा आहे पण तो दिसू नये यासाठी फार खर्च केलेली वस्ती. बायकांचे स्वेटर कोपराला विरलेले, आणि ते तसेच विकत मिळतात. बाबागाड्या आपल्या रिक्षाएवढ्या. एका दुकानात निव्वळ चीज, दुसऱ्यात कुत्र्यांचे रेनकोट. घरांच्या जाहिराती लावलेल्या काचेपुढे बाबा थांबले, आकड्यावरची शून्यं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाले, "यात नळाला पाणी किती वेळ येतं?" बाबांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली. चोवीस तास येतं म्हटल्यावर त्यांना ती किंमत थोडी पटली.

पब एका गल्लीच्या टोकाला आहे. नाव सांगत नाही, ती काकांची खाजगी मालमत्ता आहे. दारावर सोनेरी अक्षरांत 'पारंपरिक पब' असं लिहिलंय. परंपरा म्हणजे काय, तर बुटाला चिकटणारा गालिचा, डोकं आपटेल असं छत आणि कुणीतरी मारलेल्या हरणाची शिंगं. यंदा जुलैपासून आत सिगारेट बंद झाल्यामुळे सगळे ओढणारे दाराबाहेर थंडीत उभे, आणि आत पहिल्यांदाच खरा वास कळतो, ओल्या कुत्र्याचा. फळ्यावर मेनू खडूने लिहिलेला. डुक्कर कुठल्या शेतात वाढलं तेही दिलेलं. त्याच्या आईवडिलांची नावं तेवढी राहिली होती. शाकाहारी लोकांनी चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, मागवावेत, साडेतीन पौंड. बकरीच्या चीजची एक वस्तू नऊ पौंडांना असते, तिच्या नादी लागू नये.

आत शिरल्या शिरल्या बाबांनी आपल्या माणसाने करायचं ते केलं. शेकोटीजवळच्या खिडकीत एक चामड्याची खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर लांबूनच रुमाल टाकला. पांढरा, निळ्या काठाचा. मग सावकाश जाऊन, रुमालावरच, ऐसपैस बसले. काका क्षणभर थबकले. मग समोरच्या बुटक्या स्टुलावर टेकले.

मग आम्ही बसून राहिलो. बाबांनी आधी मान वळवली, मग हात वर केला, मग टेबलावर दोन टिचक्या मारल्या. "वेटर नाही का रे कुणी?" काका म्हणाले, "दादा, इथे कुणी टेबलाशी येत नाही. आपण बारपाशी जाऊन उभं राहायचं. हात करायचा नाही, हाक मारायची नाही. रांग नसते, पण कुणाच्या आधी कोण आलं ते प्रत्येकाला पाठ असतं."

"म्हणजे पैसे देऊन वर हमाली आपणच करायची?"

"हो."

"आणि हा देश आपल्यावर राज्य करून गेला," बाबा म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. मी तो झडप घालून परत आत ढकलला.

काका उठणार, तेवढ्यात रिकामे ग्लास गोळा करत दाढीवाला मॅनेजर आमच्याकडे आला. त्याने कोट पाहिला, टोपी पाहिली, तोंडभर हसला आणि बाबांना म्हणाला, "आफ्टरनून, डॉक्टर! द यूज्वल?"

मेले! चार महिने दर गुरुवारी काकांच्या हातात ग्लास देणारा हा माणूस, आणि त्याने ओळखला कोट.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. आणि शांतपणे म्हणाले, "येस. यूज्वल." मॅनेजर गडबडला, कारण 'यूज्वल' म्हणजे काय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे. शेवटी त्याने आपल्या मनाने अर्धा पाइंट काळपट बिअर आणून बाबांपुढे ठेवली आणि पळाला.

"मनू," बाबा म्हणाले, "हा तुझा उद्योग?"

मी मान हलवली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. बाबांपुढे नव्हे, काकांपुढे. ते हातातली बिअरची पुठ्ठ्याची चकती उलटसुलट करत होते.

"तिला रागावू नकोस," काका म्हणाले. "दादा, इथे मला कुणी डॉक्टर म्हणत नाही. मी डॉक्टर होतो हे माहीतच नाही कुणाला. पत्रात लिहायला बरं वाटायचं. सुमन होती तोवर मी महिन्यातून एकदा यायचो. आता दर गुरुवारी येतो. दुपारी घर फार शांत होतं रे, सहन होत नाही. इथे निदान माणसांचे आवाज असतात."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "खोली पूर्वेकडची आहे. ऊन येतं."

"बरं. काढ तिकीट," काका म्हणाले.

झालं, संपलं. माझे रविवार गेले, आणि तेही माझ्याच हुशारीने. मला रडू येत होतं आणि समोर चिप्सही नव्हते.

इतक्यात दार उघडून एक उंच, वाळका म्हातारा आत आला. बगलेत पेपर, पायाशी त्याच्याइतकंच म्हातारं कुत्रं. तो सरळ बाबांसमोर येऊन उभा राहिला आणि ज्या थंड आवाजात हे लोक 'एक्स्क्यूज मी' म्हणून माणसाची सालं काढतात, त्या आवाजात म्हणाला, "माफ करा, तिथे बसता येणार नाही. गुरुवारी तिथे एक गृहस्थ बसतात."

बाबांनी रुमालाकडे बोट दाखवलं. म्हणजे, मी रुमाल टाकलाय की! म्हाताऱ्यावर ढिम्म परिणाम नाही. "अ जंटलमन सिट्स देअर ऑन थर्सडेज" असं काहीसं तो पुन्हा म्हणणार, तेवढ्यात त्याची नजर स्टुलावरच्या निळ्या अनोरॅककडे गेली.

"आह्," तो काकांना म्हणाला. "देअर यू आर. मागच्या गुरुवारी नव्हतात."

"भाऊ आला इंडियाहून," काका म्हणाले. "एअरपोर्टवर गेलो होतो."

"आह्," म्हातारा पुन्हा म्हणाला. बाबांकडे पाहून मान अर्धा इंच खाली केली, पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने पेपर उघडला. बास. पुढचा तासभर त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबा उठले. रुमाल उचलला, झटकला, चार घड्या करून खिशात ठेवला. "ऊठ वसंता. बस इथे."

"अरे राहू दे, दादा."

"बस म्हणतो ना."

काका बसले. खुर्चीच्या एका हातावरचं चामडं झिजून पांढरं पडलं होतं, त्यांचं कोपर बरोब्बर तिथे गेलं. मी हळूच विचारलं, "बाबा, पण हाक कुठे मारली त्याने? अट..."

"अट मी घातली होती, माझं मी बघतो. तू जा, रांग नसलेल्या रांगेत उभी राहा आणि ते बटाटे आण." मी गेले. अकरा मिनिटं उभी राहिले आणि माझ्यानंतर आलेल्या दोघी आधी घेऊन गेल्या. बाबांपुढची बिअर शेवटी काकांनी संपवली.

बाबा तीन आठवडे राहून एकटेच परत गेले. तिकिटाचा विषय कुणीच काढला नाही. मी मेडनहेडला परत टेस्टिंगला लागले, पण तो म्हातारा डोक्यातून जाईना. चार वर्षं मी ऑफिसात कॅन्टीनच्या एकाच टेबलाशी जेवते. तिथे दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवेल असा एकही माणूस मला आठवेना. ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना माझं नाव पाठ आहे, चुकीच्या उच्चारासकट.

मग दिवाळी झाल्यावर आईचा फोन आला. गुडघ्यांमुळे ती बाबांबरोबर आली नव्हती, त्यामुळे तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "तुझ्या बाबांचं काय बिनसलंय गं? वरच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची नेऊन ठेवलीये. परवा शेजारचे गोडबोले खोलीचा रंग बघायला वर गेले आणि टेकले जरा, तर यांनी त्यांना उठवलं! म्हणाले, इथे एक गृहस्थ बसतात. कोण गृहस्थ, तर सांगत नाहीत. तिच्यावर रुमाल टाकून ठेवलाय, धुवायलाही देत नाहीत."

रविवारी मी हे काकांना सांगितलं. ते ओट्याशी कोथिंबीर चिरत होते. सुरी खाली ठेवली.

"निळ्या काठाचा?"

"हो."

बराच वेळ ते नळ सोडून हात धूत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "जानेवारीचं तिकीट बघ. जाऊन येतो म्हणतोय, कळलं ना? जाऊन-येतो. पाचसहा गुरुवार." आणि टॉवेलला हात पुसता पुसता थांबले. "त्या म्हाताऱ्याला सांगून जायला हवं गं. नाहीतर वाट बघेल."

"सांगू या की. नाव काय त्याचं?"

"कुणास ठाऊक," काका म्हणाले. "बावीस वर्षांत विचारलंच नाही कधी."